अडीच वाजताची तपासणी

टाकळकर हॉटेलात जेवायला जात नसत; हॉटेलच्या मालकाला जेवताना पाहायला जात. या विधानात अतिशयोक्ती नाही. माझी उभी हयात विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेली, आणि तेथे अतिशयोक्तीची सवय लागत नाही.

जगाची दुपारच्या जेवणाची वेळ एक ते दोन. टाकळकर सव्वादोनला सायकल काढीत आणि अडीचच्या सुमारास एखाद्या खानावळीच्या कोपऱ्यात जाऊन बसत. एक चहा मागवीत. तोवर गर्दी ओसरलेली असे, टेबले पुसून झालेली असत, आणि गल्ल्यावरच्या माणसाला भूक लागण्याची ती वेळ असे. टाकळकर त्याच्यावर नजर ठेवून बसत. त्याने आपल्याच भटारखान्यातून ताट मागवले, तर खानावळ उत्तीर्ण. त्याचा डबा घरून आला, तर नापास. तो जेवायला समोरच्या हॉटेलात गेला, तर टाकळकरही चहा संपवून त्याच्या मागोमाग समोरच्या हॉटेलात जात. कारण तपासण्याजोगी जागा आता ती होती.

“देवधरजी,” ते मला सांगत, “चव-बिव नंतर. मालिक स्वतः खातो की नाही, येवढंच बघायचं. बाकी सब बातें हैं.”

हा नियम ते कोणत्याही स्वयंपाकघरात शिकले नव्हते. तो त्यांना गिरणीने शिकवला होता.

इंदूरच्या एका कापड गिरणीत ते एकोणतीस वर्षे फोल्डिंग खात्यात होते. मागावरून उतरलेले थान त्यांच्यापुढच्या टेबलावर उलगडले जाई. गाठ, तुटका धागा, तेलाचा डाग दिसला की ते खडूने खूण करीत आणि शेवटी निकाल देत: अव्वल, सेकंड किंवा चिंधी. खिशात धागे मोजण्याचे पितळी भिंग असे. अंगावर त्याच गिरणीचा लठ्ठा. सदरा त्याचा, पायजमा त्याचा, आणि उरलेल्या तुकड्याची भाजीची पिशवी. एके वर्षी नवे मॅनेजर आले आणि मुंबईहून आणलेला टेरिकॉटचा शर्ट घालून खात्यात फिरले. त्या संध्याकाळी टाकळकर घरी न जाता थेट माझ्याकडे आले.

“गिरणी बंद पडते आता,” ते म्हणाले.

मी कारण विचारले.

“साहेबाने आपला माल अंगाला लावला नाही.”

मी त्यांना पाणी दिले आणि विषय बदलला. पुढे गिरणी बंद पडली. वर्तमानपत्रांनी कारणे दिली: यंत्रे जुनी होती, माल उठत नव्हता, बाहेरचे कापड स्वस्त पडत होते. टाकळकरांनी ती सर्व वाचली, घडी घालून मला परत केली आणि म्हणाले, “शर्टाचं कुणीच लिहिलं नाही.”

गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले त्याच काळात शहरात दुसरेच काही सुरू झाले. विद्यापीठात नवे अभ्यासक्रम निघाले, शिकवण्यांचे वर्ग निघाले, आणि देपालपूरपासून थेट बिहारपर्यंतची मुले आमच्या भंवरकुव्याच्या वस्तीत खोल्या घेऊन राहू लागली. त्यांतील किती जणांना विद्या हवी होती, याविषयी परीक्षा विभागाचे मत मी येथे देणार नाही. जेवण मात्र सर्वांना हवे होते. दर चौथ्या घराच्या ओट्यावर ‘शुद्ध घरेलू भोजन’ अशी पाटी लागली. टाकळकरांना तपासायला कापड उरले नव्हते. त्यांनी शहर तपासायला घेतले.

मुले त्यांच्या ओट्याशी सायकली टेकवून विचारीत, “अंकल, कहाँ खाएँ?” आणि टाकळकर निकाल सांगत. एखाद्या खानावळीविषयी ते म्हणत, “ताणा पक्का, बाणा कच्चा.” याचा अर्थ डाळ चांगली, पोळी वाईट. पापड ते भिंगातून पाहत. न मागता कोणी पोह्यांवर मूठभर शेव टाकली, की तेथल्या तेथे एक श्रेणी खाली उतरवीत. खाली काहीतरी झाकायचे असल्याशिवाय माणूस वरून एवढी शेव टाकत नाही, असे त्यांचे मत होते. या मताला इंदुरात फारसे अनुयायी मिळाले नाहीत.

त्या पाट्यांपैकी एक पाटी त्यांच्या स्वतःच्या घरावर होती, हे येथेच सांगणे योग्य. गिरणी बंद झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या पत्नीने, सुमतीवहिनींनी, पुढच्या खोलीत आठ पाट मांडले. त्या घराची चूल तेव्हापासून त्या पाटांवर अवलंबून होती. पाट आठ आणि जेवणारे चार, अशी स्थिती होती. त्यांतील दोघांचे शेवटचे वर्ष होते. टाकळकर दिवसाला दहा मुलांना जेवणाचे पत्ते देत. त्यांत आपल्या घराचा पत्ता त्यांनी एकदाही दिला नाही.

मी त्यांना याचा जाब विचारला.

“तपासणी झालेली नाही,” ते म्हणाले.

“मग करा.”

“अडीचला मी ड्यूटीवर असतो.”

वहिनी कुंपणापलीकडून माझ्याशी बोलत. “भावजी, हे सगळ्या गावाला जेवायला धाडतात आणि इथे माझे पाट भिंतीला टेकून उभे. दिवाळीपर्यंत बघते. नाहीतर पाटी उतरवते आणि भावाकडे देवासला जाते.”

“आणि हे?”

“यांना काय, यांना सगळा गाव ओळखतो.”

गाव ओळखत होता, ही गोष्ट खरी. विद्यापीठाच्या फाटकाजवळ गुरूभिया नावाचे एक गृहस्थ खानावळ चालवीत. टाकळकर पास करतात ती जागा महिनाभरात भरते, हे त्यांच्या कानावर गेले. तेव्हापासून टाकळकरांची सायकल दिसली की गुरूभिया लगबगीने ताट वाढून घेत आणि रस्त्याकडे तोंड करून जेवत. वास्तविक ते एक वाजताच घरी जेवून आलेले असत. टाकळकर सलग सहा दिवस गेले. गुरूभिया सलग सहा दिवस दोनदा जेवले. सातव्या दिवशी टाकळकर उठून त्यांच्यापाशी गेले.

“भिया, भुकेला माणूस ताटाकडे बघतो. तुम्ही घासागणिक माझ्याकडे बघताय.”

गुरूभियांनी हात जोडले. “साहब, अब आप ही बोलो, पास करो या फेल करो, पण रोज मत आओ. डाक्टरने मना किया है.”

टाकळकरांनी त्यांना सेकंड दिले. प्रयत्न केल्याबद्दल ते गुण देत. हा परीक्षा विभागाचा परिणाम असावा, कारण आमचा शेजार वीस वर्षांचा होता.

एकदा माझ्या स्कूटरवर मागे बसून ते मानपूरपर्यंत आले. तेथे महामार्गावरच्या ढाब्याचा मालक ट्रकवाल्यांच्या पंक्तीत बसून, त्यांच्यासारखेच, त्याच परातीतले जेवत होता. मी निकाल गृहीत धरून जेवणाची ऑर्डर देऊ लागलो. टाकळकरांनी माझा हात धरला. मालकाने खाटेखालून स्वतःच्या लोणच्याची वेगळी बरणी काढली होती. आम्ही तेवढ्याच अंतरावरून उपाशी परत आलो.

मग तुकोगंजात एक नवे रेस्तराँ निघाले. काचेचे दार, थंड हवा, पुस्तकासारखे बांधलेले मेनूकार्ड. बाहेरून आलेल्या एका कंपनीची ती शाखा होती. असे काही शहरात प्रथमच होत होते आणि लोक कौतुकाने केवळ दार उघडून बंद करायला जात. टाकळकर लठ्ठ्याच्या सदऱ्यात आत गेले. मी नाइलाजाने मागे होतो. गळ्यात टाय बांधलेला मॅनेजर आला.

“मालिक कब खाते हैं?” टाकळकरांनी विचारले.

“सर, मालिक तो कोई नहीं. कंपनी है.”

“कंपनीला भूक कुठे लागते?”

“सर?”

“तुम क्या खाते हो, बेटा?”

मॅनेजरने मागे वळून पाहिले आणि आवाज उतरवून सांगितले, “टिफिन लाता हूँ, अंकल. मम्मी देती है.”

टाकळकरांनी त्याच्या आईला अव्वल दिले आणि बाहेर आले.

हे असेच चालू राहिले असते. परंतु त्या पावसाळ्यात माझ्या वरच्या खोलीत मेश्राम नावाचे एक तरुण प्राध्यापक भाडेकरू म्हणून आले. ते नागपूरचे, विषय रसायनशास्त्र. आजोबा इंदूरजवळच्या महूच्या पलटणीत होते, एवढ्या ओळखीवर त्यांनी इंदूरची नोकरी पत्करली होती. नागपूरचे असूनही तिखट त्यांना सोसत नसे, गोडाचे पोहे त्यांना कळत नसत, आणि टाकळकरांनी त्यांना दोन महिन्यांत पाच खानावळी बदलायला लावल्या. कारण एकेक मालक फेरतपासणीत नापास होत होता.

“सर,” मेश्राम मला म्हणाले, “टाकळकर काका जेवणाचे पत्ते देतात की बदलीचे हुकूम?”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही तिघे टाकळकरांच्या ओट्यावर बसलो होतो. जेवणाऱ्यांपैकी एक जण कमी झाला होता. आता तीनच उरले होते. आतून फोडणीचा वास आला. मेश्रामांनी नाक वर केले आणि जे मी इतके दिवस सौम्य शब्दांत म्हणत होतो ते सरळ विचारले.

“काका, इथे काय वाईट आहे? वास तर रोज वरपर्यंत येतो.”

“तपासणी बाकी आहे.”

“मग घ्या ना एकदाची,” वहिनी आतून म्हणाल्या. झाऱ्याचा आवाज थांबला होता. “दिवाळीला राहिले वीस दिवस. जाण्याआधी निकाल तरी कळू द्या मला.”

टाकळकरांनी खात्यातल्या आवाजात सांगितले, “घेतो. कधी ते सांगणार नाही. सांगून तपासणी होत नसते.”

पाचव्या दिवशी सव्वादोनला ते माझ्या दारात उभे राहिले. साक्षीदार हवा, असे म्हणाले. आम्ही त्यांच्या घराला वळसा घालून मागील दाराने गेलो. स्वतःच्या घरात एवढ्या चोरपावलांनी शिरणारा मनुष्य मी दुसरा पाहिलेला नाही. टाकळकरांनी चपला हातात घेतल्या होत्या.

जेवणारे जाऊन गेले होते. भांडी घासून पालथी घातलेली होती. स्वयंपाकाच्या ओट्यावर एक ताट झाकून ठेवलेले होते. झाकणाखालून वरणाची वाटी, भाजी आणि घडी घातलेल्या तीन पोळ्यांची कड दिसत होती. ते टाकळकरांचे ताट. दररोज साडेतीनला शहराची तपासणी आटोपून आले की ते हेच जेवत.

वहिनी आमच्याकडे पाठ करून जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात एक ताटली होती. तीत आदल्या दिवशीच्या पोळीचा कुस्करा, एक कांदा आणि लसणीची चटणी. त्या एका हाताने खात होत्या आणि दुसऱ्या हाताने संध्याकाळचे तांदूळ निवडत होत्या. घासाकडे त्यांचे लक्ष नव्हते. रोजचे काम करावे तसे त्या ते खात होत्या.

टाकळकरांचा हात खिशात गेला. खडूसाठी गेला असावा. एकोणतीस वर्षांची सवय होती. तो रिकामाच बाहेर आला.

आम्ही आलो तसे परत फिरलो. रस्त्यावर आल्यावर त्यांनी चपला पायांत घातल्या.

“नापास,” ते म्हणाले. “मालकीण आपला माल खात नाही.”

“वहिनींना उरत नसेल,” मी म्हणालो.

त्यांनी सायकल घेतली, पण तिच्यावर बसले नाहीत; हाताने ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि तेथेच बराच वेळ उभे राहिले. मी घरी आलो. माझी पत्नी जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. ती दुपारी किती वाजता जेवत असे, हे मला त्या दिवशी आठवेना. आजही आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून टाकळकर शहरात दिसेनासे झाले. चार-सहा दिवसांनी मी भाजीला निघालो असता गुरूभियांनी मला अडवले.

“टाकळकर साहब बीमार हैं क्या, भिया? अडीचला दिल घबराता है. ताट लावून बसतो, येतच नाहीत.”

आणखी दोन दिवसांनी टाकळकर जिना चढून मेश्रामांच्या खोलीत आले. मीही तेथे होतो; नापासाचा निकाल मी मेश्रामांना आधीच सांगितला होता. ते बसले नाहीत.

“उद्यापासून खाली जेवायचं. अव्वल.”

“खाली कुठे?”

टाकळकरांनी भिंतीपलीकडे, स्वतःच्या घराकडे बोट केले.

“काका, नापास झालेलं पास कसं झालं?”

“खोट निघून गेली,” एवढे बोलून ते उतरून गेले.

त्यानंतर त्यांच्या ओट्याशी जी सायकल टेकली, तिच्या मालकाला त्यांनी एकच पत्ता दिला. दिवाळी आली. आठही पाट भरले होते आणि मेश्राम सतरंजीवर बसत होते. पाटी उतरली नाही. देवासला वहिनी भाऊबीजेपुरत्या गेल्या, तेही संध्याकाळी परत येण्याच्या अटीवर. अट कोणी घातली ते मी विचारले नाही.

खोट कशी निघून गेली, हे मला पुढे महिनाभराने कळले. वहिनींनी पाठवलेल्या अनारशांचा डबा परत करायला मी गेलो, आणि वेळेचे भान न राहिल्यामुळे अडीचला गेलो.

पुढच्या खोलीत पाट उचललेले होते. एकच पाट मांडलेला होता आणि त्यावर वहिनी बसल्या होत्या. पुढ्यात भरलेले ताट: वरण, भात, दोडक्याची भाजी, वाफ येणाऱ्या पोळ्या. समोर जमिनीवर टाकळकर मांडी घालून बसले होते आणि खानावळींच्या मालकांकडे ज्या नजरेने पाहत त्याच नजरेने त्यांच्याकडे पाहत होते.

“असं टक लावून बघू नका हो. घास उतरत नाही,” वहिनी म्हणाल्या.

“तपासणी चालू आहे.”

“महिना झाला. किती दिवस चालायची?”

“गिरणीत एकोणतीस वर्षं चालली.”

मला पाहून वहिनी संकोचाने उठू लागल्या. टाकळकरांनी हातानेच त्यांना बसवले.

“बसा, देवधरजी. हे नमुन्याचं ताट. थान उतरलं की पहिला तुकडा कापून खात्यात ठेवायचा. मग बाकीचा माल बाजारात. तशी रीत आहे. पहिल्या घाण्याचं ताट मी अकराला काढून ठेवतो. मुलं नंतर. पोळ्या तेवढ्या आत्ता टाकल्या.”

“कोणी टाकल्या?”

ताटातल्या पोळ्यांना चार-चार कोपरे होते. कापडाच्या माणसाकडून दुसरा आकार निघणे कठीण होते.

वहिनींचे जेवण झाले. त्या हात धुवायला मागे गेल्या. टाकळकर उठले, फडताळातून एक ताटली काढली आणि पुन्हा माझ्यासमोर येऊन बसले. ताटलीत आदल्या दिवशीच्या पोळीचा कुस्करा होता. बाजूला कांदा. ते तो शांतपणे खाऊ लागले.

मी नियमाला धरून चालणारा मनुष्य आहे. मला राहवले नाही.

“टाकळकर, हे तुमच्या नियमात बसत नाही. मालकच जर शिळे खात असेल, तर खानावळ पुन्हा नापास.”

त्यांनी घास पूर्ण चावला. मग मागच्या दाराकडे पाहिले. बाहेर वहिनी चूळ भरत होत्या.

“मालक ती आहे, देवधरजी,” ते म्हणाले. “मी खात्यातला माणूस. सेकंड मला चालतं.”